घरामागच्या वाडीसाठी पावसाच्या पाण्याची टाकी: किती मोठी, कशाची?

टिनाखालची_वाडी · ९ मे

रामराम मंडळी. गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. घर टिनाचं, २० बाय ३० फूट, सगळा उतार एकाच बाजूला. मागे आईची वाडी आहे, साधारण ३०० चौरस फूट. निम्म्या जागेत वाफे, बाकी एक लिंबू, एक कढीपत्ता, एक सीताफळ आणि मोरीच्या पाण्यावर माजलेला धोपा (अळू). नळ चार दिवसांआड येतो. विहीर भावकीची, होळीपर्यंत पुरते, मग तळ दिसतो. तिथून गुंडानं (कळशीनं) पाणी आणायचं म्हटलं तर आईचे गुडघे आता साथ देत नाहीत.

आणि पावसाळ्यात तेच टिन धो-धो गळून सगळं पाणी नालीत जातं. दरवर्षी बघतो, दरवर्षी हळहळतो. यंदा टाकी बसवायचीच. डोक्यात तीन गोष्टी आहेत:

५००० लिटरची काळी प्लास्टिकची एकच टाकी, किंवा विटांचा १० बाय ८ चा हौद (मिस्तरी म्हणतो आठ दिवसांत उभा करतो), किंवा सिमेंटच्या रिंगा एकावर एक. पाणी फक्त झाडांना, पिण्याचा विषय नाही. अनुभव असलेल्यांनी सांगा.

---

चुना_विटा_रेती · ९ मे

भाऊ, टाकी कशाची ते मागून. आधी हे सांगा, खाली जमीन कोणती? मुरूम लागते का काळी?

---

टिनाखालची_वाडी · ९ मे

काळीच. पाच फूट खणलं तरी काळीच.

---

चुना_विटा_रेती · १० मे

मग विटाचा हौद डोक्यातून काढा बाप्पा. मी तीस वर्षं थापी धरली हाय, म्हणून सांगतो. आपली काळी माती उन्हाळ्यात आखडते, भेगा पडते. त्या भेगात हात जाते कोपरापर्यंत. पाऊस पडला का तीच माती फुगते. म्हणजे तुमच्या हौदाखाली जमीन वर्षातून दोनदा हालते. वीट-सिमेंटले वाकता येत नाही, ते तडकते. पयल्या वर्षी केसाएवढी चीर, दुसऱ्या वर्षी बोट जाईन एवढी. मग वरून गिलावा करत बसा.

प्लास्टिकची घ्या नाहीतर रिंगा घ्या, पाया सारखाच लागन. दोन-अडीच फूट काळी माती काढून टाकायची, टाकीच्या घेरापेक्षा चारी बाजूनं फूटभर जास्त. त्यात मुरूम भरायचा, पण एकदम नाही. सहा-सहा इंचाचा थर, पाणी मारून धुम्मस करायचं, मग दुसरा थर. वरून चार इंच गिट्टीचं काँक्रीट. ५००० लिटर म्हणजे पाच टन वजन आहे भाऊ, भरलेला ट्रॅक्टर-ट्रॉली उभी राहिल्यासारखं.

आन एक. टाकी भरल्यावर उतू जाणारं पाणी पायाजवळ पडू देऊ नका. एका बाजूची माती भिजली, दुसरी कोरडी रायली, का टाकी कलंडते. घराच्या जोत्यालेही तोच धोका.

---

आकडेमोड_मास्तर · १० मे

मिस्तरीकाकांनी खालचं सांगितलं, मी वरचं सांगतो.

हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी. तुमचं टिन ६०० चौरस फूट, म्हणजे जवळपास ५६ चौरस मीटर. यवतमाळचा पाऊस ९०० मिमीच्या आसपास धरू. ५६ गुणिले ९००, पन्नास हजार लिटर. उडालं, सांडलं, पहिलं पाणी सोडून दिलं म्हणून पाचवा हिस्सा वजा केला तरी चाळीस हजार. अवर्षणाचं साल आलं, ५०० मिमीच पडला, तरी बावीस हजार.

म्हणजे पाण्याची कमी नाही, साठवण्याची कमी आहे. २० मिमीच्या एका पावसात तुमच्या टिनावरून नऊशे लिटर उतरेल. ५००० ची टाकी पाच-सहा चांगल्या पावसांत भरून वाहू लागेल आणि पुढचा सगळा पावसाळा वाहतच राहील.

आता खर्चाची बाजू. वाफे १५० चौरस फूट, म्हणजे १४ चौरस मीटर. हिवाळ्यात भाजीला दिवसाला ४ मिमी धरा: ५६ लिटर, पंधरा लिटरच्या बादलीनं चार बादल्या. मे महिन्यात तीच भाजी त्याच्या दुपटीहून जास्त पिते. दिवाळीपासून मृगापर्यंत सगळे वाफे हिरवे ठेवायचे म्हटलं तर वीस हजार लिटर लागतील. तेवढी टाकी ठेवायची कुठे आणि पैसे आणायचे कुठून?

म्हणून माझा उलटा प्रश्न. तुम्हाला कोणत्या महिन्याचं पाणी साठवायचं आहे?

---

पऱ्हाटी_तूर · १० मे

मास्तर, भाजीवाल्याले पेपर देऊन रायले का 😀

---

टिनावरचा_वांदर · १० मे

सगळे टाकीवर बोलून राह्यले, माझ्या भावांबद्दल कोणीच बोलत नाही. उन्हाळ्यात वांदरांची टोळी येते, पन्हाळीवर धावते, पीव्हीसीची पन्हाळी मधातून मोडते. आमच्या इथं दोन वर्षांत तीन झाल्या. शेवटी लोहाराकडून जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याची करून घेतली, दर तीन फुटांवर पट्टी. टाकीचं झाकण तर चुडीचं (फिरवून बसवायचं) असूनही उघडतात. तार बांधा.

---

खारपाणकर · ११ मे

दर्यापूरकडून लिहितो आहे. आमच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी मुबलक, पण खारं. त्या पाण्यावर वाफा केला तर दोन महिन्यांत मातीवर पांढरी पपडी धरते, माती सिमेंटसारखी होते, सांबार (कोथिंबीर) उगवतच नाही. टिनावरचं पाणी म्हणजे आमच्यासाठी तूपच.

म्हणून एक सांगतो, तुमच्या भागात बोअरचं पाणी कठीण किंवा खारं असेल तर पावसाचं पाणी सगळ्या झाडांना सारखं वाटू नका. रोपं, सांबार, मेथी, वाटाणा यांना पावसाचं. जी झाडं खमकी आहेत त्यांना नळाचं किंवा मोरीचं.

प्लास्टिक टाकीबद्दल: मी स्वस्तात मिळाली म्हणून बिनमार्क्याची घेतली होती. दोन उन्हाळे काढले, तिसऱ्याला बुडाजवळ फाटली. दुकानदारानं हात वर केले. आता घेताना आयएसआय मार्क आणि आयएस १२७०१ हा क्रमांक टाकीवर ठसलेला पाहून घ्या, स्टिकरवर विश्वास ठेवू नका. रंग काळा किंवा आतून काळा हवा. उजेड आत गेला की शेवाळ धरतं.

---

पुण्यात_आहे_पण_वऱ्हाडीच · ११ मे

एक वेगळा विचार. जमिनीत खड्डा करून टाकी पुरली तर? अंगणात जागा पण वाचेल, पाणी पण गार.

---

चुना_विटा_रेती · ११ मे

साधी टाकी पुरू नका. ती आतून पाणी धरण्यासाठी बनवलेली असते, बाहेरून मातीचा दाब सोसायले नाही. भरलेली असते तोवर ठीक. रिकामी झाली आन बाहेरची काळी माती फुगली का आत दबते, डबा चेपल्यासारखी. पुरायची वेगळी टाकी येते, लय महाग.

---

बाडीवाली_ताई · १२ मे

मी भंडारा जिल्ह्यातून. आमच्याकडे पाऊस तुमच्यापेक्षा जास्त, तलावही पुष्कळ. मालगुजारी तलाव आहेत, धानाच्या बांधीजवळ बोडी (लहान तळं) असते. तरी घरच्या बाडीसाठी मी टाकी केली, कारण बोडीचं पाणी बाडीपर्यंत कोण आणणार जी?

मी फेरोसिमेंटची केली. लोखंडी सळ्यांचा पिंजरा, त्याला आतून-बाहेरून कोंबडी जाळी, वरून सिमेंट-रेतीचा गिलावा. भिंत जेमतेम दीड इंच, पण गोल असल्यामुळे मजबूत. काम येणारा मिस्तरी मिळाला तर उत्तम. आमच्याकडे पहिल्या मिस्तरीनं जाळी सैल बांधली, गिलावा ढेकळासारखा निघाला, सगळं पाडून पुन्हा केलं. दुसऱ्यानं बरोबर केली. गोणपाट गुंडाळून पंधरा दिवस रोज पाणी मारलं. आता चौथं वर्ष, थेंब गळत नाही.

हो, सिमेंटची टाकी असेल तर पहिल्यांदा दोन-तीनदा भरून सोडून द्या. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, कोवळी रोपं पिवळी पडतात. मी घाई केली, वांग्याचा वाफा गेला.

---

हौदच_बरा · १२ मे

सगळे हौदाच्या मागे काऊन लागले? आमच्या आजोबाचा हौद साठ वर्षांपासून उभा आहे. दगड-चुन्याचा. उघडा आहे, बादली टाकली की पाणी, नळ बिघडायची भानगड नाही.

---

आकडेमोड_मास्तर · १२ मे

दगड-चुन्याचा आहे आणि बहुतेक मुरमावर आहे, म्हणून उभा आहे. पण तो उघडा आहे ना? १० बाय ८ फुटांचा हौद म्हणजे साडेसात चौरस मीटर पाण्याचा पृष्ठभाग. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, वारा कोरडा, उघडं पाणी रोज सेंटिमीटरभर सहज उडतं. म्हणजे दिवसाला ७५ लिटर. तुमची अख्खी भाजी हिवाळ्यात पीत नाही तेवढं पाणी सूर्य पितो.

---

हौदच_बरा · १२ मे

हे खरं आहे. एप्रिलमधी तळ दिसतो. आम्ही म्हणायचो म्हशी पितात.

---

शाळेसमोरची_ताई · १३ मे

उघड्या हौदाचं अजून एक. मी गावात आरोग्याच्या कामाला फिरते. डेंग्यूचा डास गढूळ डबक्यात नाही, घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. टाकीला झाकण, आणि जिथून पाणी आत येतं, जिथून बाहेर पडतं त्या दोन्ही तोंडांना बारीक जाळी. लोक येणाऱ्या तोंडाला लावतात, वाहून जाणारं तोंड उघडं सोडतात. डास तिथून जातो. उघडा हौद ठेवायचाच असेल तर गप्पी मासे सोडा. आणि घरात लेकरं असतील तर कृपा करून उघडा ठेवूच नका, जास्त सांगायला नको.

---

पऱ्हाटी_तूर · १३ मे

भंगारवाल्याकडं दोनशे लिटरचे निळे ड्रम मिळते. दहा ड्रम एकमेकाले जोडले का दोन हजार लिटर झालं, अर्ध्या पैशात.

---

खारपाणकर · १३ मे

ड्रममध्ये आधी काय होतं ते विचारा. खाण्याच्या तेलाचा, सिरपचा असेल तर चालेल. औषधाचा असेल तर दहादा धुतला तरी नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती माणसं गेली हे आपण पाह्यलं आहे. ते आईच्या मेथीत कशाला घालता? लेबल खरवडलेला ड्रम तर हातातच घेऊ नका.

---

टिनाखालची_वाडी · १४ मे

मास्तरांचा प्रश्न आईला विचारला. कोणत्या महिन्याचं पाणी पाहिजे? तिचं उत्तर असं: “संक्रांतीपर्यंत सांबार, मेथी, पालक, भेदरं (टमाटे) घरचं निघालं पायजे. उन्हाळ्यात मले भाजी नको, पण लिंबाचं झाड मरू देऊ नको, तुह्या बापानं लावलं हाय.”

बस. माझ्या डोक्यातली वीस हजाराची टाकी तिथंच फुटली.

---

आकडेमोड_मास्तर · १४ मे

आईंनी माझ्यापेक्षा नीट हिशेब मांडला. मग असं करा. विहिरीला होळीपर्यंत पाणी आहे म्हणता, तर हिवाळ्याचा सगळा भार टाकीवर नको. टाकीचं पाणी गुडघ्यांसाठी, म्हणजे ज्या दिवशी आणणं होत नाही त्या दिवसासाठी. आणि त्यातला अर्धा हिस्सा वेगळा कुलपात, होळीनंतर फक्त तीन झाडांसाठी. २५०० लिटर, होळी ते मृग साधारण शंभर दिवस, रोज २५ लिटर. झाडाच्या आळ्यात मडकं पुरून त्यात ओतलं तर तीन झाडं नक्की जगतात. बंद टाकीतलं पाणी उडत नाही, ऑक्टोबरमधलं मे महिन्यात तेवढंच राहतं.

त्यामुळे ५००० ची एक घेण्यापेक्षा २५०० च्या दोन घ्या. मधे व्हॉल्व्ह.

---

बाडीवाली_ताई · १४ मे

आणि भाऊ, पन्हाळीची उंची मोजली का? मी नाही मोजली होती.

---

टिनाखालची_वाडी · १५ मे

ताई, तुम्ही वाचवलं. आज टेप लावला. टिनाची खालची कड जमिनीपासून बरोबर ८ फूट. पन्हाळीला ३० फुटांत चार इंच उतार द्यायचा, म्हणजे पाणी पडणार साडेसात फुटांवर. दुकानात ५००० ची टाकी मोजली तर ती साडेसहा फुटांची. खाली दीड-दोन फूट ओटा केला की टाकीचं तोंड पन्हाळीच्या वर! पाणी काय उडी मारून जाणार आहे का?

ओटा केला नाही तर नळाखाली बादली बसत नाही. २५०० ची मात्र साडेपाच फुटांच्या आत बसते. दीड फूट ओटा धरून सात फूट. दोनच टाक्या, ठरलं.

ड्रिप लावता येईल का? दोन-तीन ओळीच आहेत.

---

संत्र्याच्या_झाडाखाली · १५ मे

वरूडकडचा आहे, ड्रिपमध्ये आयुष्य गेलं. नेहमीच्या ड्रिपला किलोभर दाब लागतो. १० मीटर उंचीच्या पाण्यानं एक किलो दाब मिळतो, तुमच्या दीड फूट ओट्यानं आणि पाच फूट पाण्यानं कुठून मिळणार? साध्या मायक्रो ट्यूब (बारीक नळ्या) खोचा, त्या कमी दाबावर थेंब-थेंब चालतात, फक्त ओळ लांब करू नका आणि आधी जाळीचा फिल्टर लावा. नाहीतर झारीच बरी. झारीनं घालताना माणूस झाडाजवळ जातो, अळी दिसते.

पहिल्या पावसाचं पाणी सोडायची सोय ठेवा. चार इंची पाईपचा सहा फूट तुकडा उभा लावा, बुडाला झाकणाची टोपी. त्यात पंधराएक लिटर मावतं. टिनावरची धूळ, पाखरांची घाण त्यात बसते, तो भरला की पुढचं स्वच्छ पाणी टाकीत. पाऊस थांबला की टोपी सैल करून सोडून द्यायचं. विसरलात तर त्याचा काही उपयोग नाही. मी निम्म्या वेळा विसरतो.

---

टिनाखालची_वाडी · ७ जून

काम झालं. पायाचा मुरूम चुना_विटा_रेती काकांनी सांगितला तसाच भरला, गावातला मिस्तरी हसत होता, “टाकी बसवून रायले का बंगला?” म्हणून. टाक्या आल्या त्याच संध्याकाळी वावटळ सुटली आणि एक रिकामी टाकी गडगडत शेजाऱ्याच्या कडब्यावर जाऊन बसली. कोणाला लागलं नाही. रात्री दोन्हींत बोअरचं दोनशे-दोनशे लिटर पाणी टाकून ठेवलं, वजनाला. हे कोणी आधी सांगितलं नाही, म्हणून लिहितो.

पन्हाळी जीआयची. वांदरभाऊ, पट्टी दर तीन फुटांवरच.

---

टिनावरचा_वांदर · ७ जून

टोळीला कळवतो.

---

टिनाखालची_वाडी · २ जुलै

दोन्ही भरल्या. एकाच रात्रीत सातशे-आठशे लिटर चढलं. उतू जाणारं पाणी पाईपनं वीस फूट लांब नेलं, तिथं गिट्टी-रेतीचा खड्डा केला, त्यातून भावकीच्या विहिरीकडं. काका, पायाजवळ पडू देऊ नका म्हणाले ते ऐकलं.

---

चुना_विटा_रेती · २ जुलै

विहिरीत सोडता तर गाळ जाऊ देऊ नका. रेती दरवर्षी काढून धुवा.

---

टिनाखालची_वाडी · २४ ऑगस्ट

पाऊस १९ दिवस नाही. पऱ्हाटी (कपाशी) माना टाकते आहे, तिचं काही करू शकत नाही. पण वाडीतली भेंडी, चवळी, ढेमसं हिरवी आहेत. पहिल्या टाकीतून रोज ३ बादल्या. अर्ध्याहून जास्त उरली. टाकी हिवाळ्यासाठी घेतली, कामाला आली भर पावसाळ्यात.

---

आकडेमोड_मास्तर · २४ ऑगस्ट

हे मीही धरलं नव्हतं. परतीच्या पावसात पुन्हा भरेल, काळजी नको.

---

पऱ्हाटी_तूर · १९ जानेवारी

धागा वर काढतो. भाऊ, संक्रांत झाली. सांबार निघाला का?

---

टिनाखालची_वाडी · २० जानेवारी

निघाला. मेथी दोनदा, पालक तीनदा कापला, भेदरं अजून चालू आहे. वाटाणा नाही झाला, उंदरांनी खाल्ला, त्यात टाकीचा दोष नाही.

पहिल्या टाकीत आता हातभर पाणी आहे. बाजूला पारदर्शक नळी लावली आहे, त्यात पातळी दिसते. आई रोज सकाळी तिथं उभी राहून बोटानं मोजते. दुसरी टाकी ऑक्टोबरपासून भरलेली आहे, काठोकाठ. परवा पाहुणे आले होते, हात-पाय धुवायला मी मधला व्हॉल्व्ह उघडायला गेलो तर त्याला लाल चिंधी बांधलेली, तीन गाठी मारून.

“होळी झाल्याशिवाय सोडाची नाही,” म्हणाली.

पाहुण्यांनी नळाचं पाणी घेतलं.